वीस मिनिटांचा 'स्पेशल टाइम' आणि टायमर लावणारे आईबाप

धायरीचा_वैतागेश
कालपासून आमच्या सोसायटीच्या पालक ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. मजकूर थोडक्यात असा: रोज प्रत्येक मुलाला वेगळी वीस मिनिटं द्या. दार लावून घ्या, मोबाईल बाहेर ठेवा, दुसरं भावंड आत नको, त्या वेळेला 'स्पेशल टाइम' असंच नाव द्या, टायमर लावा आणि मूल सांगेल तोच खेळ खेळा. शेवटची ओळ: 'जे हे करत नाहीत त्यांची मुलं पुढे प्रेम बाहेर शोधतात.' खाली सत्तावीस बदाम.

तिथे मी 'छान' लिहून गप्प बसलो, कारण ग्रुपची ॲडमिन आमच्या वरच्या मजल्यावर राहते आणि पाण्याच्या टाकीची किल्ली तिच्याकडे असते. इथे मोकळेपणी लिहितो.

घर म्हणजे काय बँक आहे, टोकन घेऊन बसायला? मला दोन मुलं, दहा आणि पाच. मी साडेसातला घरी येतो, बायको सातला. त्यानंतर जेवणं, गृहपाठ, उद्याचं दप्तर, 'उद्या शाळेत पिवळा कार्डपेपर न्यायचाय' हे रात्री दहाला कळणं. त्यात माझी चाळीस मिनिटं आणि तिची चाळीस मिनिटं दार लावून. मग कुकर कोणी लावायचा, ॲडमिनने?

आणि मूल बोलतं ते नेहमी मध्येच. मटार सोलताना, नखं कापताना. समोर बसून 'बोल बाळा' म्हटलं की ते 'काही नाही' म्हणतं. आमची धाकटी जगातले सगळे प्रश्न मला स्कूटरवर विचारते. रोज सकाळी पुढे उभी असते, मी शाळेत सोडतो. सिग्नलला थांबलो की मान मागे करून, 'बाबा, साप झोपताना डोळे मिटतो का?' कोंडीत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. ही वीस मिनिटं मोजायची नाहीत का? टायमर नव्हता म्हणून बाद?

बदलापूर_फास्ट
वाचून हसू आलं आणि रागही आला. तुम्ही साडेसातला घरी असता. मी सकाळी घर सोडते तेव्हा मुलगी झोपलेली असते आणि दार उघडते रात्री पावणेनऊला. बदलापूर ते सीएसएमटी एका बाजूला दीड तासाच्या आसपास, तेही गाडी वेळेवर असली तर. मुलगी सात वर्षांची, आधी शाळा, मग पाळणाघर, मग सासूबाई. मटार सोलताना मध्येच होणाऱ्या गप्पा मला परवडत नाहीत हो, कारण मटार सोलायला मी घरात नसते.

रात्री नऊ ते सव्वानऊ आम्ही दोघी गॅलरीत बसतो. तेवढ्यात कोणी हाक मारायची नाही असं सांगून ठेवलंय. सासूबाईंना पहिले काही दिवस राग आला, 'आमच्यापासून लपवण्यासारखं काय बोलता?' टायमर नाही, पण घड्याळ आहे. घड्याळ बघून केलेलं प्रेम खोटं असेल तर माझं सगळंच खोटं, मी फोडणीसुद्धा घड्याळ बघून टाकते.

एसटीवाल्याचा_मुलगा
वय वर्षे ६८. आमच्या वेळी यातले काहीही नव्हते. आम्ही सहा भावंडे. वडील एसटीत ड्रायव्हर, सातारा डेपो. मुक्कामी गाडी असली की दोन-दोन दिवस दिसायचे नाहीत. कोणाचे काही बिघडले नाही, मी स्वतः बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालो.

एकदा मात्र, मी चौथीत होतो, वडिलांनी मला एकट्याला मुक्कामाच्या गाडीवर नेले होते, मेढ्याच्या पुढे. इंजिनच्या बॉनेटवर घोंगडी टाकून बसवले. घाटात मला म्हणाले, 'आता गप्प बस', आणि मी बसलो. रात्री गावातल्या देवळात झोपलो. त्यांनी स्टोव्हवर पिठले केले. आपल्या वडिलांना स्वयंपाक येतो हे मला त्या रात्री कळले. घरी येऊन मी हे आईलाही सांगितले नाही. तर सांगायचा मुद्दा, त्या काळी असली थेरे नव्हती.

मधली_ताई
काका, जवळपास साठ वर्षांनी तुम्हाला पिठलं आठवतंय. बाकीच्या पाच जणांना कोणी बॉनेटवर बसवलं होतं का, विचारलंत कधी?

मी तीन बहिणींतली मधली. मोठीची कायम परीक्षा, धाकटीला दमा. मी शहाणी. 'ती काही मागतच नाही' हे आमच्याकडे माझं कौतुक असायचं, पाहुण्यांसमोर. आईबरोबर मी पहिल्यांदा एकटी रिक्षात बसले ती मला चष्मा लागला तेव्हा. जाताना तिने मला खिडकीकडची म्हणून कडेची जागा दिली, येताना उसाचा रस. त्यानंतर दोन वर्षं मी डोळे दुखतात म्हणून सांगत होते. नंबर वाढतच नव्हता, डॉक्टर चक्रावले.

तेव्हा वैतागेश, ती पोस्ट आगाऊ आहे हे मान्य. ती शेवटची ओळ तर दोन थपडांच्या लायकीची. पण 'आपोआप होतं' हे फक्त बडबड्या मुलांचे आईबाप म्हणतात.

एसटीवाल्याचा_मुलगा
थोरला आता नाही. बाकीच्यांना विचारले नाही. आता विचारून काय करायचे?

हेल्मेटधारी
बाकीचं सगळं राहू द्या. पाच वर्षांची मुलगी पुढे *उभी*? हेल्मेट घालते का?

धायरीचा_वैतागेश
धागा मुलांना वेळ देण्यावर आहे. आरटीओच्या परीक्षेवर नाही.

हेल्मेटधारी
म्हणजे नाही घालत. २०१९च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट लागतं. चारच्या आतल्यांसाठी १५ फेब्रुवारी २०२३पासून वेगळा नियम आहे: नऊ महिन्यांच्या पुढे हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा आणि वेग ताशी ४०च्या आत.

कायदा सोडा. पुढे उभ्या असलेल्या पोराच्या हाताशी ॲक्सिलरेटर असतो, एकदा पिळला की संपलं. ब्रेक मारला की तोंड हँडलवर आणि मागून तुमचं वजन. माझ्या भाच्याचे पुढचे दोन दात असेच गेले, सिग्नलला. वेग वीससुद्धा नव्हता. मेहुणा त्या वेळी त्याला पाढे विचारत होता. तोही स्पेशल टाइमच म्हणायचा.

धायरीचा_वैतागेश
ताशी ४०! सकाळी आठला सिंहगड रोडवर ताशी ४०ने जाऊन दाखवा, शाल-श्रीफळ देतो.

पेठेतला_एक
झालं. पुण्याच्या माणसासमोर हेल्मेट काढलंत, आता मूळ विषयाला तिलांजली. मी एवढंच विचारतो, हेल्मेट घातल्यावर ती पोरगी सापाचं विचारणार कशी आणि ह्यांना ऐकू येणार कसं? मानेचे आजार वेगळेच.

हेल्मेटधारी
मानेचे आजार! वीस वर्षं हेच ऐकतोय. डोकं शिल्लक राहिलं तर मान दुखणार ना. आणि ऐकू येत नाही म्हणून रडणाऱ्यांनी आधी कानातले इअरफोन काढावेत, सिग्नलला रोज बघतो.

पेठेतला_एक
मी इअरफोन वापरत नाही. मला बायको आहे.

राइनकाठचा
इथे जर्मनीत सायकलला हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, तरी बालवाडीतली पोरंही घालून येतात. सवयीचा भाग आहे.

मूळ विषयावर: इथे २००७पासून एल्टर्नगेल्ड आहे, म्हणजे मूल झाल्यावर आईबापांना मिळणारा सरकारी भत्ता. आईबाप दोघांनी रजा वाटून घेतली तर मिळून चौदा महिने पैसे मिळतात. मी माझ्या वाटचे दोन महिने घेतले. पहिला आठवडा मुलगी माझ्याकडे बघून फक्त रडायची. नंतर जमलं. वेळ द्या म्हणणं सोपं आहे, तो आधी कुठून तरी यावा लागतो.

बदलापूर_फास्ट
या, तुमचीच वाट बघत होते, जर्मनी कशी आली नाही अजून म्हणून. आमच्याकडे २०१७पासून सव्वीस आठवडे, तेही आईला. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने शून्य. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी असंही त्याच कायद्यात आहे. आमच्या ऑफिसात त्या नावाची खोली आहे. आत जुने प्रिंटर ठेवलेत.

(तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे. पण जर्मनीशिवाय लिहिलं असतंत तर जास्त आवडलं असतं.)

बालाघाटचा_मास्तर
तुमचं चालू द्या. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे. दसरा-दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जातात आणि निम्मा वर्ग मोकळा होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, ती फिटंस्तोवर उसाच्या फडात. पहाटं तोडायचं, गाडी येईल तेव्हा रात्री भरायचं. लेकरं एक तर संगं कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, नाही तर गावात आजीपाशी, नाही तर हंगामी वसतिगृहात. वेळ त्यांचा राहिलेलाच नसतो, हंगामाच्या आधीच विकलेला असतो.

चौथीतली एक पोरगी शाळा सुटल्यावर माझ्या फोनवरून आईला फोन लावते. मागच्या आठवड्यात लागला. दोघी काही बोलल्याच नाहीत, पोरगी नुसती 'हां, हां' करत होती आणि तिकडून ट्रॅक्टरचा आवाज. चार मिनिटं. फोन देताना मला म्हणली, 'सर, आईनं आज पिठलं केलंय, तिखट झालंय.'

हेल्मेट कोणत्या रंगाचं घ्यायचं ते ठरलं की कळवा.

पेठेतला_एक
मास्तर, आदर आहे. पण प्रत्येक धाग्यावर असं काही आणून ठेवायचं की बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, ही पण एक पद्धतच झाली आहे.

बालाघाटचा_मास्तर
तोंड बंद करा म्हणलं का मी? 'जे हे करत नाहीत त्यांची मुलं' अशी ओळ वर वाचली. करत नाहीत त्यातली वीस माझ्या वर्गात आहेत म्हणून लिहिलं. तुम्हाला टोचलं तर टोचलं.

मधली_ताई
पेठेतले, थोडं थांबा की. कधीतरी.

नाशिकची_समुपदेशक
मी या क्षेत्रात काम करते म्हणून थोडं. ही कल्पना बऱ्यापैकी जुनी आहे. शीला आयबर्ग या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात लहान मुलांच्या हट्टी, आक्रमक वागण्यासाठी एक उपचारपद्धती बसवली. त्यात पालकांना घरी करायला रोजचा 'स्पेशल टाइम' दिलेला असतो, तो *पाच* मिनिटांचा. वीस कोणी केली माहीत नाही.

त्या पाच मिनिटांत काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही ते महत्त्वाचं. हुकूम नाही, प्रश्न नाही, शिकवणं नाही, टोमणा नाही. मूल लाल ठोकळा ठेवतंय, आपण म्हणायचं, 'लाल ठोकळा वर ठेवलास.' बस. आपल्याकडचे पालक तिसऱ्या वाक्याला 'मग लालला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?' वर येतातच. मी स्वतः माझ्या मुलाबरोबर दीड मिनिट टिकले होते.

आणि मूल कितीही वाईट वागलं तरी शिक्षा म्हणून ती पाच मिनिटं काढून घ्यायची नाहीत. ही अट मात्र फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही.

धायरीचा_वैतागेश
पाच मिनिटं! म्हणजे पोस्टवालीने चौपट करून विकलं. मी म्हणत होतो तेच.

नाशिकची_समुपदेशक
नाही, तुम्ही 'मुळात गरजच नाही' म्हणत होतात. वर आहे अजून.

एसटीवाल्याचा_मुलगा
सापाला पापण्या नसतात. डोळे उघडे ठेवूनच झोपतो. मुलीला सांगा.

मधली_ताई
वैतागेश, एक विचारायचं राहिलं. धाकटी रोज स्कूटरवर पुढे असते. मोठा शाळेत कसा जातो?

धायरीचा_वैतागेश
व्हॅनने. त्याची शाळा साडेसातची, उलट दिशेला.

मधली_ताई
आणि तुमच्या एवढ्या मोठ्या लेखात त्याचं एकही वाक्य नाही. वय सोडून.

धायरीचा_वैतागेश
कारण तो बोलत नाही फारसा. दहा वर्षांचा मुलगा आहे, घरात असतो. शहाणा आहे, त्याचा काही त्रास नसतो.

मधली_ताई
हो ना. त्याला चष्मा आहे का?

पेठेतला_एक
आता मात्र मी तोंड बंद करतो.

धायरीचा_वैतागेश
हे बरं आहे. अनोळखी माणसाच्या घरात शिरायचं, दोन वाक्यांवरून निदान करायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या. तुमच्या आईने तुम्हाला रिक्षातून नेलं नाही याचा राग माझ्यावर काढू नका.

मधली_ताई
बरं.

धायरीचा_वैतागेश
(चार दिवसांनी)
वरचं शेवटचं वाक्य नको लिहायला हवं होतं. संपादन करता येत नाहीये, नाही तर काढलं असतं.

बाकी पोस्टबद्दलचं माझं मत तेच आहे. टायमर लावणार नाही, नाव देणार नाही, ॲडमिनला सांगणार तर मुळीच नाही. शनिवारी धाकटीसाठी हेल्मेट आणायचं होतं (हेल्मेटधारी, मोठ्याने हसू नका), ती झोपली होती म्हणून मोठ्याला घेऊन गेलो. मागे बसला होता. जाताना एक शब्द नाही. दुकानात त्याने अकरा हेल्मेटं घालून बघितली, स्वतःच्या डोक्यावर, आणि कुठल्याची काच कशी उघडते ते मला सांगत बसला. येताना सिंहगड रोडवर मागून म्हणाला, 'बाबा, व्हॅनमध्ये मला मधे बसवतात, खिडकी मिळत नाही.' जूनपासून. मला माहीत नव्हतं.

हे कशात मोजायचं ते समुपदेशक बाईंनी सांगावं. प्रश्न मी दोन विचारले, ते वजा करा.

बदलापूर_फास्ट
व्हॅनवाल्या काकांशी बोललात का?

धायरीचा_वैतागेश
सोमवारी बोललो. आता एक दिवसाआड खिडकी.

हेल्मेटधारी
आयएसआय मार्क बघून घेतलंत ना? आणि मोठा मागे बसला होता म्हणताय, त्याच्या डोक्यावर काय होतं?