बेलच्या असमतेनंतर वैज्ञानिक वास्तववादाचे काय उरते?

प्रश्न (हिंगोली)
औंढा नागनाथ परिसरातील नियोजित लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या निमित्ताने नुकत्याच झालेल्या एका व्याख्यानात असे सांगण्यात आले, की 2022 चे भौतिकशास्त्राचे नोबेल ज्या प्रयोगांना मिळाले त्यांनी ‘पाहणारा नसेल तर जगच नसते’ हे सिद्ध केले. मी भौतिकशास्त्र शिकवतो. बेलची असमता (एकमेकांपासून दूर असलेल्या कणांच्या मापनांतील सहसंबंधांवरची मर्यादा) फळ्यावर मांडताना हा निष्कर्ष मला कुठेच सापडत नाही. वास्तववाद्याला नेमके काय सोडावे लागते?

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)
सर, व्याख्यात्यांनी दोन गोष्टींची गल्लत केली आहे. जग आपल्या जाणिवेवर अवलंबून नाही, हा वास्तववाद. कणाच्या प्रत्येक राशीला मापनापूर्वीच ठरलेले मूल्य असते, हे त्याहून बरेच मोठे विधान. बेल यांनी 1964 मध्ये दाखवले ते एवढेच, की दूरच्या मापनाचा इथे परिणाम होत नाही आणि मापनाची निवड कणांच्या पूर्वस्थितीपासून स्वतंत्र असते असे धरले, तर सहसंबंधांना मर्यादा पडते. प्रचलित मांडणीत ती मर्यादा 2 आहे. पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) सुमारे 2.83 पर्यंत जाऊ देते, आणि डेल्फ्ट येथे 2015 मध्ये 1.3 किलोमीटर अंतरावरील इलेक्ट्रॉनांसाठी 2.42 मिळाले. यात जाणिवेचा संबंध येतोच कुठे? बोम यांच्या 1952 च्या सिद्धांतात कणांना सदैव निश्चित स्थान असते; किंमत मोजावी लागते ती स्थानिकतेची, म्हणजे दूरच्या मापनाचा इथे परिणाम होत नाही या गृहीताची.

उत्तर २ (नांदेड)
इतक्यावर वास्तववादी सुटत नाही. बोम यांचे कण आणि एव्हरेट यांच्या 1957 च्या मांडणीतील, प्रत्येक शक्य निकालागणिक फुटणाऱ्या जगाच्या शाखा मापनाबाबत सारखीच भाकिते करतात, पण जगाचे चित्र मात्र पूर्णपणे वेगळे देतात. यशस्वी सिद्धांत खरा मानायचा, तर यातला कोणता? मला वाटते, समीकरणांतील संरचनेपुरताच वास्तववाद ठेवणे प्रामाणिकपणाचे. अर्थात, मग ती संरचना कशाची, हे कोडे राहतेच.

उत्तर ३ (लातूर)
पुंजयामिकीचे सर्वच अर्थ प्रयोगाला सारखे नाहीत, हे इथे सुटते आहे. 1986 च्या गिरार्डी-रिमिनी-वेबर सिद्धांतात तरंगफलनाचे (कणाची अवस्था सांगणाऱ्या गणिती फलनाचे) पतन, म्हणजे अनेक शक्यतांतून एकच उरणे, आपोआप होते: एकट्या कणाला त्यासाठी कोट्यवधी वर्षे लागतात, पण असंख्य कणांच्या वस्तूला क्षणार्धही पुरतो. असे पतन वस्तूला किंचित हलवते व तापवते, म्हणून ते शोधता येते. लायगोच्या 40 किलोच्या आरशांवर प्रकाशाच्या पुंज-चढउतारांचा परिणाम 2020 मध्ये मोजला गेलाच आहे. अशा उपकरणांच्या मोजमापांतून पतन-सिद्धांतांवर मर्यादाही घातल्या गेल्या आहेत.