सेवा चालू, आत कोरड: तुमचे अनुभव लिहा

खाडीपलीकडची
रविवारी आमच्या तरुण पाळकसाहेबांनी उपदेश अर्ध्यात थांबवला आणि म्हणाले, "गेले काही महिने मला प्रार्थना करता येत नाहीये. तुमच्यासाठी करतो ती तोंडानं होते. माझी स्वतःची होत नाही. माझ्यासाठी करा." मग चष्मा पुसला आणि सूचना वाचल्या, मंगळवारी महिला मंडळ वगैरे. उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर जे सुरू झालं ते विचारू नका. "पाळकच असं बोलायला लागल्यावर आपण कुणाकडं बघायचं" पासून "सेमिनरीत हल्ली शिकवतात तरी काय" पर्यंत. एक आजी तेवढ्या म्हणाल्या, "जेवतो ना रे वेळेवर तो?"

मला पप्पा आठवले. तेही पाळक, रत्नागिरी जिल्ह्यातल्या चर्चच्या लहानशा मंडळ्यांमध्येच त्यांची सगळी सेवा झाली. शनिवारी रात्री उपदेशाचा कागद घडी करून बायबलात ठेवलेला असायचा, तरी पडवीत बसून राहायचे. आई विचारायची, "झालं ना लिहून?" "झालं." "मग?" "मग काही नाही." एकदा मंडळीतल्या एका घरातलं लहान पोर तापानं गेलं. पप्पांनी कबरस्तानात सगळं नीट पार पाडलं, बापाला धरून घरी पोचवलं, आणि आल्यावर पायांवर पाणी घेता घेता आईला म्हणाले, "आज बोललो त्यातला एक शब्द मला खरा वाटत नव्हता." मी शाळेत होते, दाराआड उभी. मला काय वाटलं असेल? पप्पांचा विश्वास गेला, म्हणजे आता क्वार्टर सोडावं लागणार! तसं काही झालं नाही. पुढच्या रविवारी ते उभे राहिले, त्याच्या पुढच्याही.

तर ज्यांनी सेवा केलीय किंवा सेवकाच्या घरात वाढलात त्यांनी लिहा. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, कुणीही. फक्त उपदेश नको, तो रविवारी मिळतो.

पाळकीणबाई
पाळकांचं सगळे लिहितील, मी आमचं लिहिते. पगार एकाचा, नोकरी दोघांची. महिला मंडळ मी, संडे स्कूल मी, नाताळच्या नाटकात मेंढरं कमी पडली की पोरांना चादरी गुंडाळणारी मी. बदली झाली की शाळेचे दाखले काढायला मी. आणि दारात कुणीही कधीही. एकदा कुकर चढवलेला आणि दारात नवराबायको भांडण घेऊन आलेले, पाळकसाहेब गावात नाहीत. मी आत येऊन देवाला म्हटलं, तुझी माणसं घटकाभर तू सांभाळ, मला डाळ उतरवू दे. मधली काही वर्षं तर रविवार नकोसा झालेला. शनिवारी दुपारपासून पोटात गोळा. सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगावं तर तो पाळक, मंडळीला सांगावं तर ती मंडळी. आत्ताही अर्धवट सोडते, बाहेर कुणीतरी आलंय

आंबाचोर
पाळकाचा मुलगा हजर आहे. कुठल्याही घरी गेलो की आधी बायबलचं वचन म्हणून दाखव, मग लाडू. शेजारच्या बागेत कैऱ्या पाडताना चार पोरं सापडली, घरी चिठ्ठी फक्त माझी आली. वडिलांच्या आत काय चाललंय वगैरे मला कधी कळलं नाही, आम्ही दोघं एकमेकांना चुकवतच होतो.

पाळकीणबाई
गेले ते. वर्गणी द्यायला आले होते, चहा घेऊन गेले. वर्गणी चहाएवढीच.

बाभोळ्याचा
आमच्या वसईत फादर लोकांचं वेगळं, एकटेच असतात. 2020 च्या टाळेबंदीत चर्च बंद. आमच्या फादरांची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मोबाईलवर लावायला मी जायचो, मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवायचा आणि आपण बाजूला उभं राहायचं. पहिल्या दिवशी फादर म्हणाले, "प्रभू तुमच्याबरोबर असो" आणि थांबले. आयुष्यभराची सवय, समोरून उत्तर येणार. आलं नाही. मी एकटा पुटपुटलो पण तोंडाला मास्क. नंतर मला म्हणाले, "अरे, लोक उत्तर देतात म्हणून मी इतकी वर्षं बोलत होतो की काय?" हसत म्हणाले, पण पुढचे दोन-तीन महिने त्याच प्रश्नात होते. दफनाला तर चार माणसं, तीही प्लास्टिकमध्ये. घरच्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा नाही. फादरांचं म्हणणं, शब्द तर माझे आधीच आटले होते, हातावरच चाललं होतं, तेही काढून घेतले. पेरूच्या झाडांशी बोलायचे तेव्हा. खोटं नाही सांगत.

पेडणेकरांचो नातू
आमच्याकडचो जुनो फादर म्हणायचो, "माका देव हल्ली दिसणा नाय, पण बांगडो रोज दिसता, म्हणजे तो खयतरी असतलोच."

दप्तरी
विषय जुना आहे. स्कॉटिश मिशनचे लोक 1823 साली बाणकोटला आले. त्यातला डोनाल्ड मिचेल पहिल्याच वर्षी वारला. जॉन विल्सन 1829 मध्ये आले आणि मराठी शिकायला हर्णैला जाऊन राहिले, बरोबर पत्नी मार्गारेट. तिनं मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि 1835 मध्ये ती गेली. अहवालात शाळा किती, पटावर मुली किती हे सगळं मिळतं, रात्री झोप लागत होती का याचा रकाना नसतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपलेच, जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. 1895 ला बाप्तिस्मा घेतला, त्यावरून पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. आणि आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, टिळकांनी मिशनचा पगार सोडला. दोन वर्षांनी गेले. ज्यांची गीतं आपण दर रविवारी म्हणतो तो माणूस बावीस वर्षांच्या सेवेनंतर म्हणतो की या चौकटीत माझा जीव रमत नाही. याचा विचार मंडळ्यांनी कधी

आंबाचोर
काका, उद्या पेपर आहे का

दप्तरी
तुझ्या चिठ्ठीचीही नोंद असेल कुठल्यातरी दप्तरात. शोधतो.

चष्मा कुठंय
मी सिस्टर आहे, सिंधुदुर्गात बोर्डिंग सांभाळलं. आता निवृत्त, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, चुका पोटात घाला. खाडीपलीकडची ताई, तुमच्या पप्पांचं वाचून बरं वाटलं. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. त्यात त्यांनी आपल्या गुरूंना लिहिलंय की आत सगळा काळोख आहे. एकदोन वर्षं नाही, जवळजवळ अख्ख्या सेवाकाळात. आमच्या जेवणघरात त्यावर दोन तट पडले होते. तरुण सिस्टर्स म्हणाल्या, ही पत्रं छापायलाच नको होती, त्यांनी जाळून टाका म्हणून सांगितलं होतं. आमच्या वयाच्या सगळ्या गप्प. मी मात्र त्या रात्री छान झोपले.

माझं दुखणं एवढं मोठं नव्हतं. पहाटे चॅपलमध्ये स्तोत्रं म्हणताना मन भांडारघरात. पोरींचे तांदूळ किती उरले, गॅस कधी येणार. एका वर्षी तर देव आहे की नाही यापेक्षा तूरडाळ आहे की नाही हाच प्रश्न मोठा. जुन्या मदर सुपीरियरना सांगितलं. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, स्तोत्र 88 वाच, ते काळोखातच संपतं, शेवटी काही बरं होत नाही, तरी ते बायबलात ठेवलंय ना? आणि दुसरं म्हणाल्या, एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूतानं त्याला आधी भाकर दिली, पाणी दिलं आणि परत झोपू दिलं. 1 राजे 19. पायऱ्यांवरच्या आजींनी तेच विचारलं, बघा.

पाळकीणबाई
सिस्टर, एलीयाची भाकर देवदूतानं भाजली. आमच्याकडे तीही मीच

सरळ बोलतो
सगळ्याला आत्मिक नाव देऊ नका. माझा थोरला भाऊ पाळक. वर्षभर "कोरडेपणा" म्हणून सगळ्यांनी उपवास-प्रार्थना केल्या, डोक्यावर हात ठेवले, कुणी म्हणालं पाप लपवलंय. शेवटी वहिनीनं रक्त तपासायला नेलं, थायरॉइड. गोळी सुरू झाली आणि माणूस पुन्हा गाणी म्हणायला लागला. शिवाय पगार दोन-दोन महिने उशिरा, सुट्टी नाही, घर स्वतःचं नाही. आधी हे निस्तरा.

खाडीपलीकडची
पटतं. पण रिपोर्ट नॉर्मल आला आणि पगारही वेळेवर झाला, तरी पडवीत बसायचंच असेल तर?

सरळ बोलतो
मग मला माहीत नाही.

नाव नको
मी पाळक आहे, रायगडातला. थायरॉइड तपासलं, नाही :) पगाराचं 'सरळ बोलतो' म्हणतात ते खरं.

दोन गोष्टी लिहितो. एक, मत्सर. आमच्यापासून जवळच एक नवी सभा सुरू झाली. कीबोर्ड, ड्रम, तरुण पोरं खच्चून. आमच्याकडे बारा-पंधरा म्हातारी माणसं आणि पाच मिनिटं पुढचं घड्याळ. मी त्या भावासाठी मोठ्यानं प्रार्थना करतो, "प्रभू, त्याचं काम वाढव", आणि आत म्हणत असतो, थोडं कमी वाढव. हे दर आठवड्याला होतं, अजूनही. आमच्या वरिष्ठांना सांगितलं तर ते म्हणाले, आमच्या वेळी आम्हाला खुपणारी सभा म्हणजे तुझीच मंडळी होती.

दुसरं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आम्ही श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ताडपत्र्या आणि तांदूळ घेऊन गेलो. सुपारीच्या बागा आडव्या झालेल्या. एका बागेत वाटच नव्हती, खोडांवरून चढून जावं लागलं, आणि मधोमध मालक प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. सत्तरीचे असतील. म्हणाले, "ठेवा ताडपत्री. पण आधी सांगा, हिच्या बदल्यात कुणाचं नाव घ्यायचं?" मी म्हटलं, बाबा, कुणाचंच नाही. "मग तुम्हाला काय मिळतं?" काही नाही म्हटलं. ते म्हणाले, "काही मिळत नसताना एवढ्या लांब कुणी येत नाही. मी व्यापारी आहे." ताडपत्री ठेवून घेतली, शहाळं दिलं. खोडाखाली आलेलं एकच उरलं होतं, तेच कोयत्यानं तासून दिलं. गाडीत बाकीचे चिडले होते, आपल्याला बाटवणारे समजतात म्हणून. ते ऐकून घ्यायची आता सवय झालीय. मला त्या बाबांचा प्रश्न चावत राहिला. तुम्हाला काय मिळतं? मंडळीला दिलं असतं ते उत्तर जिभेवर होतं, त्या खुर्चीसमोर ते निघेना. आजही कधी उपदेश लिहिताना ते बाबा समोर बसतात. त्यांना पटणार नाही ते वाक्य मी खोडतो. उपदेश फार लहान झालेत माझे.

बाभोळ्याचा
लहान उपदेशवाले पाळक आमच्या धर्मप्रांतात पाठवता येतील का

चष्मा कुठंय
नाव नको भाऊ, "थोडं कमी वाढव" वाचून मी एकटीच हसले, शेजारच्या खोलीतून विचारलं काय झालं. तुमच्यासाठी रोज एक स्तोत्र म्हणेन. लक्ष तांदळाकडे गेलं तर समजून घ्या.

नाव नको
सिस्टर, चालेल. थँक्यू.

पेडणेकरांचो नातू
शहाळ्याची गोष्ट वाचून पप्पांका वाचून दाखवली. ते म्हणतत तो म्हातारो खरो व्यापारी, ताडपत्रीचे पैसे फेडल्यान.

खाडीपलीकडची
काल त्या तरुण पाळकसाहेबांकडे डबा घेऊन गेले होते. आजी आधीच पोचलेल्या, सोलकढी घेऊन. काही बोलणं झालं नाही, हार्मोनियमच्या पट्ट्या खाऱ्या हवेनं अडकल्यात त्यावरच अर्धा तास. मधला सा वाजतच नाही. रत्नागिरी-लांज्याकडे कुणी दुरुस्त करणारं माहीत आहे का?

दप्तरी
चिपळूणला एक जण होते, 2021 च्या जुलैच्या पुरात दुकान गेलं त्यांचं. आता घरून करतात असं ऐकलं. नंबर मिळाला तर व्यक्तिगत निरोप करतो. पेटी उघड्यावर ठेवू नका म्हणावं, कापूर टाका आत.

आंबाचोर
मी येतो बघायला. वडिलांची पेटी मीच मोडायचो, आतलं सगळं माहीत आहे