2000 नंतरचे विज्ञानपट आणि मालिका: क्रमवारी लावायची कशी?

अवकाशवेडा
2000 नंतरच्या विज्ञानपटांची आणि मालिकांची वीस नावं काढली आहेत, पण क्रम काही केल्या बसत नाही. दहापैकी गुण दिले की निम्मी नावं आठ-साडेआठवर अडकतात. शिवाय दोन तासांचा ‘अरायव्हल’ आणि 62 भागांची ‘द एक्स्पान्स’ एकाच यादीत ठेवणं पटत नाही. आणि विज्ञानाच्या अचूकपणाला किती वजन द्यावं? ‘इंटरस्टेलर’चं नाव काढलं की वाद ठरलेलाच. जाणकारांनी पद्धत सुचवावी.

आकाशगंगा
गुण देणं सोडा, जोड्या लावा. एक नाव घ्यायचं, लावून झालेल्या यादीतल्या मधल्या नावाशी ताडायचं. सरस वाटलं तर वरचा अर्धा भाग, नाहीतर खालचा, आणि तिथे पुन्हा मधल्याशी. वीस नावांच्या 190 जोड्या होतात, पण असं केलं तर जास्तीत जास्त 69 तुलनांत काम होतं. एकविसावं नाव आलं तर पाच प्रश्नांत त्याची जागा ठरते.

यादी झाली की शेजारशेजारची नावं पुन्हा तपासा. तिथे कधीकधी चक्र सापडतं: ‘अरायव्हल’ ‘द मार्शियन’ला भारी, ‘द मार्शियन’ ‘एक्स माकिना’ला भारी, आणि ‘एक्स माकिना’ परत ‘अरायव्हल’ला. असं झालं की समजायचं, एका जोडीत आपण विज्ञान बघितलं आणि दुसरीत अभिनय. म्हणून कसोटी आधीच पक्की करा. माझी कसोटी अशी: मूळ वैज्ञानिक कल्पना काढून घेतली तर कथेत काय उरतं? जितकं कमी उरेल तितकं नाव वर. ‘अरायव्हल’मधून परग्रहवासीयांच्या भाषेची कल्पना काढा, काहीच उरत नाही.

मालिकांची यादी वेगळीच करा.

कृष्णविवर
विज्ञानाच्या वजनाबद्दल. गृहीतक आणि चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कथेने एक अशक्य गोष्ट सुरुवातीलाच मान्य करायला लावली आणि पुढे तिचा नियम पाळला, तर गुण कापायचं कारण नाही.

उत्तम उदाहरण ‘प्रायमर’ (2004). खर्च 7 हजार डॉलर, लांबी 77 मिनिटं. त्यात काळात मागे नेणारी एक पेटी आहे. ती ज्या क्षणी चालू केली त्याच्या आधी जाता येत नाही, आणि सहा तास मागे जायचं तर पेटीत सहा तास बसावंच लागतं. बाकी सगळं यातूनच निघतं. पेटीपाशी स्वतःचीच गाठ पडू नये म्हणून 15 मिनिटांचा टायमर लावायचा, दिवसभर हॉटेलच्या खोलीत कोंडून घ्यायचं. मग मोबाइल खिशात राहतो आणि घोळाला सुरुवात होते. नियम कुठेही वाकवलेला नाही.

‘ग्रॅव्हिटी’ (2013) आपल्याच जगात घडतो, तेव्हा त्याला आपल्याच जगाचे नियम. त्यात अंतराळवीर हबल दुर्बिणीपासून अवकाश स्थानकाकडे जेटपॅकने जातात. पण हबलच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कल 28.5 अंश, स्थानकाचा 51.6. नुसता एवढा कल बदलायला सेकंदाला सुमारे 3 किलोमीटरचा वेगबदल लागतो. पाठीवरच्या जेटपॅकचं ते काम नव्हे. ‘द मार्शियन’मधल्या वादळाचंही तसंच, मंगळावरची हवा इतकी विरळ की यान कलंडेल एवढा रेटा तिच्यात नसतो. पण तिथून पुढे गोष्ट हिशेबाने चालते, त्यामुळे थोडेच गुण कापा.

‘इंटरस्टेलर’ (2014): कृष्णविवराजवळच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं, म्हणजे काळ सुमारे 61 हजार पट मंद. त्यासाठी कृष्णविवर कमाल मर्यादेला जवळपास टेकेल इतकं वेगाने फिरायला हवं. पडद्यावरचं चित्र मात्र कमालीच्या 0.6 पट परिवलन धरून काढलंय. डॉप्लर परिणामही (आपल्याकडे येणारा प्रकाश उजळ आणि दूर जाणारा मंद दिसणं) वगळलाय. तो ठेवला असता तर कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीची एक बाजू झगझगीत आणि दुसरी अंधारी दिसली असती. प्रेक्षकांचा गोंधळ होऊ नये म्हणून हे जाणूनबुजून केलं, त्याचे गुण मी कापत नाही. शेवटी नायक पुस्तकांच्या कपाटामागून भूतकाळात निरोप पाठवतो, त्याचे कापतो, कारण तिथला नियम ऐनवेळी जन्माला येतो.

ध्रुव
मालिकांना सरासरी लावू नका. दोन नोंदी ठेवा: सर्वांत चांगला सीझन किती वर, आणि शेवट गाठला का. ‘वेस्टवर्ल्ड’चा पहिला सीझन (2016) कुठल्याही यादीत वर असेल, पण मालिका चार सीझनांनंतर बंद पडली. ‘डार्क’ तीन सीझन आणि 26 भागांत नीट गाठ मारून संपते. ‘द एक्स्पान्स’ला माझ्याकडे पहिला क्रमांक, कारण तिथे यानाचे मजले इमारतीसारखे इंजिनावर एकावर एक रचलेले आहेत. इंजिन चालू असेल तरच पायाखाली वजन, आणि अर्ध्या वाटेवर यान उलटं फिरवून वेग कमी करायचा. लढाईआधी सूट चढवून आतली हवा काढून टाकतात, हेही विसरत नाहीत.

‘फायरफ्लाय’ (2002) यादीत असेल तर भागांचा क्रम तपासून मगच बघा. वाहिनीने ते उलटसुलट दाखवले होते, दोन तासांचा पहिला भाग तर सगळ्यांत शेवटी.

अवकाशवेडा
सगळ्यांचे आभार. ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ (2006) या कसोट्यांवर कुठे बसतो? माणसं वांझ का झाली, हे तो सांगतच नाही.

कृष्णविवर
ते गृहीतक आहे, कारण सांगायची सक्ती नाही. परिणाम पाळलेत का ते बघा. 18 वर्षं मूल जन्मलं नाही, म्हणून शाळा ओस पडल्यात आणि सुईणीचं काम केलेली बाई आता दुर्मीळ झालीय. पाळलेत. ‘प्रायमर’च्या वर ठेवा आणि ‘अरायव्हल’शी थेट ताडून बघा.

आकाशगंगा
त्या जोडीत माझं मत ‘अरायव्हल’ला. ‘चिल्ड्रन ऑफ मेन’मध्ये वांझपणा काढला तरी निर्वासितांची गोष्ट उरते.