मदत हवी आहे: संपात ड्युटीवर गेले तर चुकेल का?

मी कोल्हापुरात सरकारी नर्स आहे, एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात. परवापासून संप, रिकाम्या जागा भरा म्हणून, आणि मागणी शंभर टक्के खरी आहे ओ, रात्री एकटीनं बारा बाळं बघतो आम्ही. मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनसाठी सातही दिवस मी गेटवर बसले होते. पण आत्ता राधानगरीकडनं आलेलं अकराशे ग्रॅमचं बाळ आहे, दर दोन तासाला नळीनं दूध, ते शिकाऊ पोरींवर कसं सोडू? आत गेले तर गेटवरच्या मैत्रिणींच्या तोंडाकडं बघवणार नाही. संघटनेकडनं आयसीयूपुरती सूट, पाळ्या लावून, कुणी घेतलीय का? सिस्टर लोकांनी सांगा, अर्ज कसा केला?