सव्वीस आठवडे कोणाला?
ताई, २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा १२ वरून २६ आठवडे झाली, हा स्त्री चळवळीचा विजय, असं तुम्ही लिहिलं. विजय आहेच, पण कोणाचा? ती रजा मुख्यतः दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांत मिळते. आमच्या यवतमाळकडे कापूस वेचणारी बाई किलोमागे मजुरी घेते. धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याचा झोका बांधून तान्हं निजवते अन् ओटीत कापूस भरत पुढं सरकते. पहिलटकरणीला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये, तेही हप्त्याहप्त्यानं. चळवळीनं कुटुंबाचं धोरण मागताना पगारपत्रकावरची बाईच समोर धरली, असं माझं स्पष्ट मत आहे. सासू नातू सांभाळते म्हणून सून वेचाईला जाते. त्या म्हातारीला कोण मोजतं? वेचाईच्या हंगामात अंगणवाडी दिवसभर उघडी ठेवा, ही मागणी आधी लावून धरायला हवी होती.