‘जा’ म्हणजे नेमकं कुठं जा?

इथल्या चर्चेत एकाने लिहिलंय की मत्तय २८:१९ मधली (बायबलात येशू आपल्या शिष्यांना ‘जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ म्हणतो ती) आज्ञा ‘जा’ हीच आहे, म्हणून ती मिशनऱ्यांनी पाळायची, बाकीच्यांनी दानपेटीत पैसे टाकले की झालं. मला नाही पटत बुवा. मूळ ग्रीकमध्ये तिथं आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ‘शिष्य करा’, आणि ‘जा’ हे ‘जाऊन’ अशा रूपात येतं, गंमत म्हणजे आपल्या मराठी बायबलातही ‘जाऊन’च आहे पण आपण वाद घालतो इंग्रजी वाचून, मग घोळ होणारच.

‘राष्ट्रं’ या शब्दाचंही तेच. ग्रीक ‘एथ्ने’ म्हणजे पासपोर्टवाले देश नाहीत, लोकसमूह. आता गुजरात सीमेवरच्या आमच्या नवापूरकडे बघा ना, एका बाजारात मावची, भिली, अहिराणी, गुजराती सगळं कानावर पडतं. चर्चमध्ये वाचन मराठीत होतं आणि मागं चटईवर बसलेली एक आजी शेजारणीला तेच हळूच मावचीत सांगत असते, पाळकसाहेब वाचायचे थांबले तरी हिचं आपलं चालूच. ती कुठं गेली सांगा? चटईवरून हललीसुद्धा नाही.

बाय द वे, त्याच अध्यायातलं १७ वं वचन कोणी काढलंच नाही. येशूने ही आज्ञा दिली त्या अकरा शिष्यांतल्या काहींना तिथं डोंगरावर त्याला बघूनही शंका होती असं सरळ लिहिलंय, तरी पुढची आज्ञा सगळ्यांना एकच.

आणि जबरदस्तीच्या धर्मांतराचं म्हणाल तर १९७७ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, राज्यघटनेच्या कलम २५ मधला धर्मप्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. आजीला यातलं काही माहीत नाही, तिला फक्त शेजारणीला गोष्ट कळायला हवी असते.