अनुभव धागा : बस थांब्याला लागते का?

कागदावर बरंच झालंय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ नुसार बस आणि स्थानकं सर्वांना वापरता यायला हवीत. २०२० पासून मोटार वाहन नियमांनी बसगाड्यांत राखीव आसनं, आधाराचे दांडे, व्हीलचेअर अडकवायची सोय आणायला सांगितली. पण आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून मी बघतेय, सगळं अडतं ते गाडी थांब्याला नीट न लागल्याने. फूटपाथपासून चार हात लांब गाडी उभी राहिली की आईला आधी रस्त्यावर उतरावं लागतं, मग उंच पायरी चढायची. त्या फटीतून दुचाकीवाले घुसतात ते वेगळंच.

तुमचे अनुभव लिहा. कुठल्या सेवेचं नाव नको. काय घडलं आणि काय केल्यावर जमलं, ते सांगा.

दृष्टिहीन नोकरदार

डिझेल गाडी आवाजावरून कळायची. इलेक्ट्रिक बस आलेली कळतच नाही. नंबर कोणता आणि दार कुठे, हे मला रोज अनोळखी माणसांना विचारावं लागतं. एकामागोमाग तीन बस लागल्या की मागचीपर्यंत पोचेतो ती सुटलेली असते. आयआयटी दिल्लीत तयार झालेलं ‘ऑनबोर्ड’ उपकरण मुंबईत बेस्टच्या गाड्यांवर वापरून पाहिलं गेलं. हातातलं बटण दाबलं की बसवरच्या स्पीकरमधून मार्ग क्रमांक ऐकू येतो आणि आवाजाच्या रोखाने दार सापडतं. हे सगळ्या शहरांत हवं. तोवर पांढरी काठी दिसली की वाहकाने नंबर मोठ्याने सांगावा. माझ्या सकाळच्या गाडीचे वाहक सांगतात. त्या दिवशी मला कुणाची मनधरणी करावी लागत नाही.

व्हीलचेअर वापरणारी

लो-फ्लोअर बसचा तळ रस्त्यापासून साधारण ४० सेंटीमीटरवर असतो. फूटपाथ १५ सेंटीमीटरचा असेल आणि गाडी त्याला लागली, तर रॅम्पला, म्हणजे दारातून बाहेर उलगडायच्या उतरत्या फळीला, २५ च चढायचे उरतात. मी एकटी चाकं ढकलत चढते. गाडी रस्त्यात थांबली की तोच रॅम्प एवढा उभा होतो की मागून दोन माणसं लागतात, तरी खुर्ची कलंडेल अशी धास्ती वाटते.

एकदा वाहकाने रॅम्प उचलायला घेतला तर कडीच हलेना. बिजागरीत चिखल वाळून बसलेला. त्यांनी तिकिटाचं मशीन सीटवर ठेवलं, खिशातल्या किल्लीने माती खरवडली आणि झडप सोडवली. आत लोक कुरकुरत होते. माझा राग त्या वाहकावर अजिबात नाही. डेपोतून निघण्याआधी ब्रेक, हवा बघतात, तसा रॅम्पही एकदा उघडून बघा. आणि खुर्चीचा पट्टा बांधल्याशिवाय गाडी हलवू नका, कळकळीची विनंती.

शहर बसचा चालक

गाडी आम्हालाही लावायचीच असते. पण थांब्यापुढे रिक्षा, मागे दुचाकींची रांग. बारा मीटरची गाडी फूटपाथला समांतर आणायला पुढेमागे मोकळी जागा लागते. नसली की तोंड आत आणि शेपूट रस्त्यात. दुसरं म्हणजे डबल बेल. म्हातारं माणूस अजून दांडा शोधत असतं आणि बेल पडते, कारण फेरीच्या वेळेत ही मिनिटं धरलेलीच नसतात. माझं वाहकाशी ठरलंय : वयस्कर माणूस बसल्याशिवाय डबल द्यायची नाही. उशिराबद्दल वर मी बोलतो.

लंडनहून

चालकदादांशी सहमत. इथे थांब्यापुढे रस्त्यावर चौकट आखलेली असते, त्यात गाडी लावली की दंड. २००५ च्या अखेरीपर्यंत नेहमीच्या सगळ्या बस लो-फ्लोअर झाल्या. तरीही भांडण उरलंच : व्हीलचेअरच्या जागेत बाबागाडी उभी असेल तर? व्हीलचेअर वापरणाऱ्या डग पॉली यांना २०१२ मध्ये यॉर्कशायरमध्ये याच कारणाने बस सोडावी लागली. ते कोर्टात गेले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, चालकाने नुसती विनंती करून सोडून देणं पुरेसं नाही.

कॉलेजला जाणारी, सातारा जिल्हा

आमच्या फाट्यावर दिवा नाही. शेवटच्या गाडीचे वाहककाका मला न्यायला आलेलं घरचं माणूस दिसेपर्यंत बेल देत नाहीत. ते रजेवर असले की आई दुपारच्याच गाडीने ये म्हणते, माझं प्रॅक्टिकल बुडतं. गाडीत संकटात दाबायचं लाल बटण आहे, पण ते दाबल्यावर निरोप कुणाला जातो हे कुणालाच माहीत नाही. तेवढं बटणाशेजारी मराठीत लिहा.